गुलाबाचं हायड्रोसोल खरं की एसेन्सचं पाणी? कसं ओळखायचं?

मेधा_गिरगाव

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही. मी घरी उटणं, साबण आणि फेसपॅक करते. दिवाळीच्या आधी दोन महिने आमच्या आणि आजूबाजूच्या चाळींतून ऑर्डरी असतात, आता थोड्या ठाणे-डोंबिवलीहूनही येतात. पॅक कालवायला आणि नुसतं तोंडाला लावायलाही बायका गुलाबपाणी मागतात, ते मी आत्तापर्यंत ओळखीच्या एका बाईंकडून घ्यायचे, लिटरला ४२० रुपये पडायचं. त्यांनी काम बंद केलं म्हणून ऑनलाइन एका हर्बल सप्लायरकडून ५ लिटरचा कॅन मागवला, सगळे मिळून फक्त ४७५ रुपये! वर लिहिलंय शंभर टक्के शुद्ध, स्टीम डिस्टिल्ड, दमास्क रोझ हायड्रोसोल, प्रिझर्व्हेटिव्ह नाही. सोबत अर्धा लिटर वाळ्याचं पण घेतलं.

कॅन उघडला तर आख्खी खोली गुलाबाची झाली. आधी बरं वाटलं, मग खटकलं, कारण आधीच्या बाईंचं पाणी एवढं कधीच घमघमायचं नाही. हा वास लग्नात गुलाबदाणीने शिंपडतात ना, तसा आहे. थोडं रुमालावर सांडलं होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रुमाल धुवायला घेतला तर वास तसाच. बाटल्यांत भरताना फेस आला. आणि वाळ्याचं पाणी चक्क हिरवट आहे.

सप्लायरला विचारलं तर त्याने लॅब रिपोर्टचा फोटो पाठवला आणि म्हणाला मॅडम आमच्याकडून मोठमोठे ब्रँड माल उचलतात. मला तो रिपोर्ट वाचता येत नाही. माझ्याकडच्या बायका फक्त माझ्या शब्दावर घेतात, त्यात एक सात महिन्यांची गरोदर आहे, त्यामुळे नक्की कळेपर्यंत यातला एक थेंब मी कोणाला देणार नाहीये. घरच्या घरी खरं-खोटं कळायचा काही मार्ग आहे का?

वर्षा_ठाणे

सोप्पं आहे, पीएचची पट्टी मिळते, ती बुडव. ५ च्या आसपास आला तर खरं, ७ आला तर साधं पाणी. मी हेच करते.

केमिस्ट_माटुंगा

वर्षाताई, राग मानू नका पण ही टेस्ट जितकी पसरलीये तितकीच फसवी आहे. खरं गुलाबजल आंबटसर असतं हे बरोबर. पण नुसतं डिस्टिल्ड वॉटर बाटली उघडून ठेवलं तरी हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून त्याचा पीएच साडेपाच-सहापर्यंत उतरतो, म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये एसेन्स घालणारा माणूस तुमच्या पट्टीवर आरामात पास. चिमूटभर सायट्रिक ॲसिड टाकलं तर हवा तो आकडा आणता येतो. आणि या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे कागदी पट्ट्या धड रंगच दाखवत नाहीत, एकदा ५ एकदा ६ असं होतं. ७ च्या वर आला तर शंका घ्या, एवढाच त्याचा उपयोग.

मेधाताई, मी सुगंधाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे. आधी हायड्रोसोल म्हणजे काय ते बघू, म्हणजे पुढच्या टेस्टा का करायच्या ते समजेल. फुलांतून वाफ जाते, ती थंड केली की खाली पाणी आणि वर तेल जमतं. ते खालचं पाणी म्हणजे हायड्रोसोल, आपल्या आयुर्वेदात ज्याला अर्क म्हणतात तेच. त्यात सुगंधी द्रव्य असतं अगदी थोडं, हजार भाग पाण्यात एक भागही नाही. आणि वाफेबरोबर उडून येईल तेवढंच त्यात येतं. रंग येत नाही, साखर येत नाही, क्षार येत नाहीत, व्हिटॅमिन सी पण येत नाही. म्हणून खरं हायड्रोसोल रंगाला पाण्यासारखंच असतं, फार तर ताजं असताना जरासं धुरकट. तुमचं हिरवट वाळ्याचं पाणी तिथेच नापास झालं. वाळा हिरवा दिसतो तो सरबतात, तो रंग बाटलीतला असतो, मुळं तर तपकिरी असतात. तसंच गुलाबी रंगाचं गुलाबजल, पिवळं हळदीचं हायड्रोसोल (हळदीचा पिवळेपणा उडून येतच नाही), आणि कोरफडीच्या गराचे गुण असलेलं कोरफडीचं डिस्टिलेट, हे सगळं एका माळेतलं.

आता करून बघा. एका स्वच्छ बाटलीत अर्धी बाटली भरून जोरात हलवा, फेस किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. मग काचेच्या ताटलीत चमचाभर घेऊन पंख्याखाली वाळू द्या आणि बोट फिरवा. घरात टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार बघायचा) असेल तर तोही बुडवा. आणि तो रिपोर्ट इथे टाका, कंपनीचं नाव झाकून.

मेधा_गिरगाव

काका, खूप आभार. केलं सगळं.

फेस वीस मिनिटं झाली तरी कडेने होताच. ताटलीत वाळल्यावर चिकट पातळ थर राहिला, बोट सरकत नाही नीट. टीडीएस मीटर शेजारच्यांकडून आणला, गुलाबाचा १८२ आला. आमच्या नळाच्या पाण्याचा त्याच मीटरवर ६४ आला म्हणून मला वाटलं मीटरच बिघडलाय. मग मेडिकलवाल्याकडून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणलं, त्याचा २ आला. म्हणजे मीटर बरोबर आहे ना? रिपोर्टचा फोटो जोडलाय.

केमिस्ट_माटुंगा

मीटर बरोबर आहे आणि तुम्ही डिस्टिल्ड वॉटरवर तपासून घेतलंत हे फार चांगलं केलंत, बरेच लोक ही पायरी सोडतात. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा असल्या तलावांचं, पावसाचं साठलेलं, त्यामुळे क्षार कमीच, तुमचे ६४ अगदी पटण्यासारखे.

टीडीएस मीटर खरं तर पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. सुगंधी रेणू वीज वाहून नेत नाहीत, त्यामुळे वाफेतून आलेल्या पाण्याचा आकडा अगदी थोडा यायला हवा, माझ्या अनुभवात पाच-पंधरा. १८२ आला म्हणजे त्यात वाफेतून न आलेलं काहीतरी आहे. प्रिझर्व्हेटिव्हचा पूर्ण डोस, म्हणजे सोडियम बेंझोएटसारखं काही नेहमीच्या प्रमाणात असतं, तर मीटर हजाराच्या वर गेला असता. म्हणजे ते नाही. मला वाटतं सरळ बोअरचं किंवा टँकरचं पाणी आहे. खात्री करायची तर एक कप पाणी स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर पूर्ण आटवा, तळाला पांढरट थर बसला तर त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका, बारीक बुडबुडे आले तर तो कठीण पाण्याचा चुना. खऱ्या हायड्रोसोलमध्ये चुना असायचं काही कारणच नाही.

फेस आणि चिकट थर हे पॉलिसॉर्बेट २० नाहीतर त्याच्या भावंडांचं काम. तेल किंवा एसेन्स पाण्यात मिसळत नाही म्हणून हे घालतात. खऱ्या गुलाबजलाला हलवल्यावर बुडबुडे येतात, पण लगेच फुटतात.

एक मात्र लक्षात ठेवा. टीडीएस जास्त आला तर भेसळ पकडली जाते, कमी आला म्हणून माल खरा ठरत नाही. शहाणा भेसळवाला डिस्टिल्ड वॉटरच वापरतो. आणि फिनॉक्सीइथेनॉलसारखी प्रिझर्व्हेटिव्ह मीटरला दिसतच नाहीत.

आता रिपोर्ट. हा वाचून मला खरंच वाईट वाटलं. हा गुलाबजलाचा रिपोर्ट नाहीच, गुलाबाच्या तेलाचा आहे. वर बारीक अक्षरात आयएसओ ९८४२ लिहिलंय, ते दमास्क गुलाबाच्या तेलाचं स्टँडर्ड. आणि यादीत नोनाडेकेन, हेनाइकोसेन दिसतायत ना, ती मेणासारखी द्रव्यं, गुलाबाचं तेल थंडीत गोठतं ते त्यांच्यामुळे. ती पाण्यात विरघळत नाहीत, गुलाबजलात त्यांना जागाच नाही. गुलाबजलात सगळ्यात जास्त असतं फिनाइल इथाइल अल्कोहोल, ते पाण्यात चांगलं विरघळतं आणि म्हणून तेलातून निसटून पाण्यात जातं. तुमच्या रिपोर्टात ते दोन टक्केही नाही. बॅच नंबरही कॅनवरचा वेगळा आहे, बघा.

शुभांगी_दादर

मी फुलांचा हिशोब सांगते, कारण माझं रोजचं जाणं-येणं दादरच्या फूल मार्केटात आहे. गेल्या आठवड्यात गावठी गुलाब किलोला १६० रुपयांनी घेतला. श्रावण-गणपतीत याच्या दुप्पट धरा. चांगलं गुलाबजल म्हणजे किलोभर फुलाला साधारण लिटरभर पाणी असं माझ्या मावशीकडे काढायचे. मग गॅस, माणूस, बाटली, पाठवणावळ वेगळी. मेधाताईंना लिटर पडलंय ९५ रुपयांना, यात फुलंसुद्धा बसत नाहीत.

आणि लोक म्हणतात आमच्याकडे शेतातली ताजी गुलाबं आहेत, तर ती कुठली ते विचारा. तळेगाव-मावळची पॉलिहाऊसची लांब दांड्याची गुलाबं दिसायला देखणी, पण नाकाला लावली तर वास जवळजवळ नाहीच, त्यांच्या पाण्यात काय येणार?

अत्तरगल्ली

मेधाताई, शुभांगीताई, नमस्कार. आमचं मूळ रत्नागिरीकडचं, वडिलांपासून मोहम्मद अली रोडला अत्तराचं छोटं दुकान आहे. मी कन्नौजला, म्हणजे उत्तर प्रदेशातल्या अत्तराच्या गावाला, तीन वेळा गेलोय, तेव्हा जे बघितलं ते सांगतो.

शुभांगीताईंचा हिशोब मुंबईच्या भावाने बरोबर आहे, पण त्यात एक गोष्ट घालतो. कन्नौज-हाथरसच्या बाजूला सीझनमध्ये फूल आपल्याकडच्यापेक्षा स्वस्त पडतं, आणि काही भट्टीवाले किलोभर फुलात तीन-चार लिटर पाणी काढतात. ते पाणी खोटं नसतं, फिकं असतं. मिठाईवाल्यांना, शिंपडायला ते चालतं. त्यामुळे नुसतं स्वस्त म्हणून खोटं म्हणू नका. स्वस्त आणि फिकं, असू शकतं. स्वस्त आणि खोलीभर घमघमाट, तर ते फुलाचं नाही, आमच्या धंद्यात ज्याला कंपाउंड म्हणतात ते, म्हणजे रसायनांचं तयार मिश्रण आहे.

तिथे तांब्याची मोठी देग असते, खाली लाकडं नाहीतर शेणी. पहाटे ऊन चढायच्या आत तोडलेली फुलं त्याच सकाळी देगेत पडतात, कारण ऊन लागलं की वास उडतो. झाकण कापूस आणि मातीने लिंपतात, बांबूच्या चोंग्यातून वाफ भपक्यात, म्हणजे ती जिथे थंड होऊन जमते त्या भांड्यात उतरते आणि भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो. तिथला म्हातारा कारागीर भपक्याला नुसता हात लावून सांगायचा की आत किती जमलंय. त्या ताज्या पाण्याचा वास तुम्हाला आवडणार नाही, हे मुद्दाम सांगतो. पहिले काही आठवडे त्याला उकडलेल्या पाल्याचा, जरा धुराचा वास असतो, मग हळूहळू बसतो आणि मधासारखा गोडवा वर येतो. हा शिजल्याचा वास एसेन्सवाल्या पाण्यात कधीच नसतो, ते पहिल्या दिवसापासून गोड असतं.

तुमच्या रुमालाचं सांगतो. दुकानात आम्ही कागदाच्या पट्टीवर बघतो. खऱ्या गुलाबजलाचा थेंब पाण्यासारखा सुकतो आणि वासही फार तर अर्धा-पाऊण तास धरतो. दुसऱ्या दिवशी टिकला म्हणजे त्यात वास धरून ठेवणारं काहीतरी आहे, बहुतेक वेळा डीईपी किंवा मस्क. वाळ्याला मात्र ही टेस्ट लावू नका, वाळ्यातली द्रव्यं जड असतात, खऱ्या वाळ्याचा मंद वास कागदावर पुष्कळ वेळ राहतो.

आणि सीझन विचारा. उत्तरेत दमास्क गुलाब, चैती गुलाब म्हणतात त्याला, मार्च-एप्रिलमध्ये जेमतेम महिनाभर फुलतो. डिसेंबरात कोणी म्हणालं की काल काढलेली ताजी दमास्क बॅच आहे, तर त्याला पुढचा प्रश्न विचारायचीही गरज नाही. डिसेंबरात मार्चची बॅच विकली तर हरकत नाही, नीट ठेवलेली असेल तर ती उलट जास्त चांगली लागते.

नेत्र_सिस्टर

विषय वेगळा वाटेल पण लिहितेच. मी डोळ्यांच्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. आपल्याकडे गुलाबपाणी डोळ्यांत घालायची सवय आहे, लहान मुलांच्या पण. मेधाताई, तुमच्याकडून घेणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्की घालत असणार, विचारून बघा. खरं असो की खोटं, कुठलंच गुलाबजल डोळ्यांसाठी निर्जंतुक केलेलं नसतं. प्रिझर्व्हेटिव्ह नसलेल्या पाण्यात स्युडोमोनास नावाचा जंतू मजेत वाढतो आणि तो बुबुळाला लागला तर एक-दोन दिवसांत डोळ्याचं फार वाईट करतो. लेन्स वापरणाऱ्यांना तर जास्तच. कृपा करून बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, डोळ्यांत घालू नये.

मेधा_गिरगाव

सिस्टर, आत्ताच तिघींना फोन केला, तिघींपैकी दोघी घालतात. एकीच्या सासूबाई रोज रात्री कापसाने. सांगितलंय त्यांना. लेबल आजच बदलते.

वसई_तुळस

मी वसईला छोटी भट्टी चालवतो, तुळस, गवती चहा, थोडा गुलाब. वरचं सगळं वाचलं, बहुतेक पटलं, पण एका गोष्टीचा मला रोज त्रास होतो ती बोलतो. गिऱ्हाईक विचारतं प्रिझर्व्हेटिव्ह आहे का, मी हो म्हणालो की फोन ठेवतं आणि जो नाही म्हणतो त्याच्याकडून घेतं. अहो मुंबईची हवा, जून ते सप्टेंबर भिंतीला बुरशी येते, आणि तुम्ही पाच लिटरचा कॅन रोज उघडून त्यातून थोडं थोडं काढणार, तर त्यात काय नाही वाढणार? कापसासारखे पांढरे धागे तरंगताना दिसले की पाणी फेकायचं, पण बऱ्याचदा काही न दिसताही खराब झालेलं असतं. मी पोटॅशियम सॉर्बेट आणि सोडियम बेंझोएट घालतो, आंबटसर पाण्यात दोन्ही काम करतात, आणि लेबलवर स्पष्ट लिहितो. माझ्या पाण्याचा टीडीएस काकांच्या हिशोबाने हजाराच्या वर येणार, मग मी खोटा का?

केमिस्ट_माटुंगा

अजिबात नाही, आणि हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवं होतं. आकडा लेबलशी ताडून बघायचा. प्रिझर्व्हेटिव्ह लिहिलंय आणि टीडीएस जास्त, तर गोष्ट जुळते. काहीच घातलं नाही म्हणून लिहिलंय आणि टीडीएस १८२, तर जुळत नाही. तुमच्यासारख्यांनी प्रिझर्व्हेटिव्ह घालायच्या आधीचा आकडा बॅचवार लिहून ठेवला आणि गिऱ्हाइकाला दाखवला तर तुमचाच फायदा होईल.

वसई_तुळस

हे करता येईल. उद्याच्या बॅचपासून वही घालतो. बिनप्रिझर्व्हेटिव्हचं ज्यांना हवंच असेल त्यांनी शंभर-दोनशे मिलीच्या गडद काचेच्या बाटल्यांत घ्यावं, फ्रिजमध्ये ठेवावं, उघडल्यावर दोनेक महिन्यांत संपवावं, आणि बाटलीच्या तोंडात बोट किंवा कापूस बुडवू नये.

वर्षा_ठाणे

काका, पीएचचं कळलं, सोडलं मी ते. पण मग माझ्याकडचं लॅव्हेंडरचं आणि केवड्याचं कसं बघू? लॅव्हेंडरचा वास माझ्याकडच्या लॅव्हेंडर तेलासारखा हुबेहूब आहे म्हणून मला ते खरं वाटत होतं.

केमिस्ट_माटुंगा

हुबेहूब आहे हीच शंकेची जागा. लॅव्हेंडरच्या तेलात लिनॅलिल ॲसिटेट नावाचं एक गोडसर द्रव्य भरपूर असतं. ते पाण्यात नीट विरघळत नाही, आणि वाफेत त्याचं काही प्रमाणात विघटनही होतं. त्यामुळे खरं लॅव्हेंडर हायड्रोसोल तेलापेक्षा जास्त पाल्याचं, गवताचं, थोडं उग्र लागतं, बऱ्याच जणांना आवडतही नाही. तेल आणि पाणी दोन्हींचा वास एकच असेल तर बहुधा पाण्यात तेलच फेटलेलं असतं. हलवून फेस बघा.

केवड्याचं जरा अवघड आहे. खरा केवडा मुख्यत्वे ओडिशातल्या गंजाम जिल्ह्यातून येतो, आणि त्याच्या वासातला मोठा भाग एकाच द्रव्याचा, फिनाइल इथाइल मिथाइल ईथरचा. ते कारखान्यात सहज बनतं. त्यामुळे बिर्याणीत घालायच्या छोट्या बाटल्यांतलं पाणी नाकाला खऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ जातं.

शुभांगी_दादर

केवड्याला आपल्याकडे एक सोय आहे. गौरी-गणपतीत दादरला खरं केवड्याचं कणीस मिळतं, ते एक घरी आणून दोन दिवस वास घ्या, पिवळी पानं सोडवून आतल्या तुऱ्याचा पण घ्या. मग बाटली उघडा. खऱ्यात एक हिरवा, ओल्या पानाचा कडवट भाग असतो, बाटलीत नुसता गोड सरळ झोत येतो. वाळ्याचंही तेच करा, काष्ठौषधीच्या दुकानातून वाळ्याची जुडी आणून माठात टाका, ते पाणी प्यायलं की वाळा म्हणजे काय ते डोक्यात बसतं. हिरव्या सरबताचा वास म्हणजे वाळा असं समजून वाढलेल्यांना खरा वाळा मातीसारखा वाटतो, कारण तो तसाच असतो.

निखिल_मुलुंड

मी वझे कॉलेजचा परफ्युमरी-कॉस्मेटिक्सचा डिप्लोमा केलाय म्हणून लेबलबद्दल थोडं. कॉस्मेटिक म्हणून विकत असेल तर घटक, बॅच नंबर, उत्पादनाची आणि वापरायची शेवटची तारीख, बनवणाऱ्याचा पत्ता आणि लायसन्स नंबर छापावाच लागतो. खाण्याचं असेल तर एफएसएसएआयचा नंबर. घटकांत रोझा डमासिना फ्लॉवर वॉटर असं लिहिलंय का, की ॲक्वा आणि पुढे परफ्यूम किंवा फ्रॅग्रन्स? परफ्यूम हा शब्द दिसला की विषय संपला. पॉलिसॉर्बेट, पेग ४० कॅस्टर ऑइल दिसलं तरी तेच, शुद्ध हायड्रोसोलला विरघळवणारं काही लागत नाही. आणि रोझा डमासिना नुसतं लिहिणं कोणालाही जमतं, म्हणून लेबल चांगलं असणं हा पुरावा धरू नका.

जीसीएमएस, म्हणजे वासातली द्रव्यं वेगळी करून ओळखणारी लॅबची टेस्ट, करायची तर लॅबला आधी सांगा की नमुना पाण्याचा आहे. पाणी थेट मशीनमध्ये घालत नाहीत, आधी सॉल्व्हंटने सुगंध ओढून घेतात. खऱ्या गुलाबजलात फिनाइल इथाइल अल्कोहोलबरोबर सिट्रोनेलॉल, जिरॅनिऑल, नेरॉल, थोडं युजेनॉल, अशी लांब शेपटी आलेखात दिसते, वीस-तीस छोट्या छोट्या टोकांची, एक टोक म्हणजे एक द्रव्य. नकलीत दोन-चार उंच टोकं आणि मधे सपाट मैदान, शिवाय डीईपी नाहीतर डायप्रोपिलीन ग्लायकॉल उठून दिसतं.

केमिस्ट_माटुंगा

निखिल, छान लिहिलंस. यात एक भर. हुशार माणूस खरं थोडं आणि नकली बरंचसं असं मिसळतो, मग शेपटीही दिसते. तिथे सिट्रोनेलॉलच्या रेणूची डावी-उजवी रूपं वेगळी करून बघावी लागतात. गुलाब जवळजवळ एकच रूप बनवतो, कारखान्यातलं साधारणपणे दोन्हींचं मिश्रण असतं. त्यासाठी वेगळा कॉलम लागतो, सगळ्या लॅबांत तो नसतो. कन्नौजला एफएफडीसी म्हणून १९९१ पासून सरकारी केंद्र आहे, त्यांचं कामच सुगंधी तेलांचं, नमुना तपासायचा तर तिथे विचारता येईल. पण मेधाताई, तुमच्या ४७५ रुपयांच्या कॅनवर हा खर्च करू नका, त्याची चार वेगवेगळ्या बाजूंनी उत्तरं आधीच आलीयेत. पुढच्या सप्लायरचा पहिला मोठा लॉट घ्याल तेव्हा करा.

मेधा_गिरगाव

मंडळी, आठवडाभराने लिहितेय, कारण मधे बरंच करून बघितलं.

कपभर पाणी आटवलं, पांढरा थर आला, व्हिनेगरला बारीक बुडबुडे आले. काका म्हणाले तसंच. सप्लायरला शांतपणे पाच गोष्टी लिहून विचारल्या: फूल कुठलं, कधी काढलं, किलोला किती लिटर, टीडीएस १८२ का, आणि तेलाचा रिपोर्ट पाण्यासोबत का पाठवला. पहिला दिवस उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी म्हणे मॅडम एवढे प्रश्न कोणी विचारत नाही, तुम्ही माल परत पाठवा. पाठवणावळ माझी, पण पैसे परत आलेत. पेजवर त्याच कॅनचा तोच फोटो अजून आहे, त्याचं फार वाईट वाटतं, कोणीतरी अजून घेतच असणार. मी तिथे रिव्ह्यूत फक्त आकडे लिहिले, आरोप काही केला नाही.

मग शुभांगीताईंचं वाचून पहाटे दादर गाठलं, अर्धा किलो गावठी गुलाब आणला. मोठ्या पातेल्यात तळाला विटेचा तुकडा, भोवती पाकळ्या आणि पाणी, विटेवर स्टीलची वाटी, वर झाकण उलटं आणि झाकणावर बर्फ, असं अगदी बारीक गॅसवर चढवलं. वाफ झाकणाला लागून वाटीत ठिबकते. वाटी दोनदा रिकामी केली, चारेकशे मिली मिळालं तिथेच थांबले. भाई, तुम्ही म्हणालात तो उकडलेल्या पाल्याचा वास पहिल्या दिवशी अगदी तस्साच होता, मला वाटलं बिघडलं सगळं. आज पाचव्या दिवशी झाकण उघडलं तर मध! टीडीएस ७. हलवलं तर बुडबुडे आले आणि गेले. ताटलीत काहीच राहिलं नाही.

तीन वाट्या केल्या, माझं घरचं, आधीच्या बाईंचं शिल्लक होतं ते, आणि कॅनमधलं थोडं ठेवलं होतं ते. सासूबाईंना न सांगता तिन्ही हुंगायला दिल्या. कॅनच्या वाटीला त्या म्हणाल्या हा लग्नाचा हॉल, आणि बाईंच्या वाटीला म्हणाल्या ही आमच्या माहेरची गुलकंदाची बरणी. त्या बाईंचं पाणी खरं होतं हे मला आत्ता कळलं, तेव्हा मी लिटरला ४२० जास्त आहेत म्हणून घासाघीस करायचे. त्यांना फोन करून सांगितलं.

यंदा दिवाळीला गुलाबपाणी फक्त १०० मिलीच्या बाटलीत देईन, वसईच्या दादांकडून घेऊन, प्रिझर्व्हेटिव्ह लेबलवर लिहून. मार्चची कन्नौजची बॅच अत्तरगल्ली भाई आणणार असतील तर त्यातले दोन लिटर माझे धरा. दोन-तीन जणांनी मिळून घेतली तर निखिल म्हणाले ती जीसीएमएस पण वाटून परवडेल.

अत्तरगल्ली

धरले. एप्रिलच्या शेवटी निघालेलं पाणी घेऊ आणि गणपतीपर्यंत बंद ठेवू, तोवर बसेल. देगेचा फोटो, फुलांचं वजन आणि किती लिटर निघालं ते मी स्वतः उभा राहून लिहून आणेन.

वर्षा_ठाणे

माझा पण एक लिटर. आणि मला त्या तीन वाट्या हुंगायच्यात. माझं लॅव्हेंडर फेसाळलं, कळवायचं राहिलं होतं.

शुभांगी_दादर

मग रविवारी या सगळे दादरला, फूल मार्केटाबाहेर, सहाच्या आत, नंतर चांगली गुलाबं संपतात. आपापल्या बाटल्या आणा, मी ताजा गुलाब घेऊन ठेवते. काका, टीडीएस मीटर आणाल का? भाई, कागदाच्या पट्ट्या?

केमिस्ट_माटुंगा

आणतो. कॅलिब्रेशनला डिस्टिल्ड वॉटरची बाटली पण आणतो.

अत्तरगल्ली

पट्ट्या माझ्याकडून. त्या दिवशी कोणी अत्तर, परफ्यूम, केसांना वासाचं तेल लावून येऊ नका, आणि चहा हुंगून झाल्यावर पिऊ.